द्रावणात कण किती?

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ९८ गुणांचे प्रश्न छापलेले असतात आणि सोडवायचे असतात ७० गुणांचे. एकेका गुणाचे १० बहुपर्यायी आणि ८ अतिलघुत्तरी प्रश्न सगळ्यांना सक्तीचे. पुढे दोन गुणांचे १२, त्यातले कोणतेही ८. तीन गुणांचे १२, त्यातलेही ८. शेवटी चार गुणांचे ५, त्यातले ३. म्हणजे २८ गुणांची सूट मंडळानेच देऊन ठेवली आहे, आणि तिच्या भरवशावर दर वर्षी जानेवारीच्या सुमारास कॉलेजच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तो चॅप्टर मी ऑप्शनला टाकलाय.’

ऑप्शनला काय जातं, हे मुलाच्या स्वभावावर ठरतं. गणिताशी वाकडं असेल तर इलेक्ट्रोकेमिस्ट्री जातं. पाठांतराचा कंटाळा असेल तर १६, १७ आणि १८ व्या गटांची मूलद्रव्यं जातात. हिशेब वरवर बरोबरच दिसतो. सोळा प्रकरणांतलं एक सोडलं तर बुडणार किती? चार-पाच गुण, तेही विकल्पात भरून निघतील.

हिशेब चुकतो तो इथे, की सोडलेलं प्रकरण एकटं जात नाही. बालभारतीचं २०२० साली आलेलं बारावीचं पुस्तक १६ प्रकरणांचं असलं, तरी त्यातले विषय सोळा नाहीत. निम्म्याहून अधिक पुस्तक दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या वेशात विचारतं. द्रावणात कण किती आहेत? आणि अभिक्रिया थांबते कुठे? या दोन प्रश्नांचे धागे हाताला लागले की तयारीचं ओझं खरोखरच हलकं होतं. न लागले, तर प्रत्येक प्रकरण नव्याने घोकावं लागतं.

हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे. सोल्युशन्स, आयॉनिक इक्विलिब्रिया, थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि कायनेटिक्स या सलग पाच प्रकरणांतला मोठा भाग १८८४ ते १८८९ या पाच-सहा वर्षांत, एकमेकांना ओळखणाऱ्या चार माणसांनी घडवला.

त्यातला पहिला स्वीडनचा स्वांते अऱ्हेनियस. १८८४ साली त्याने उप्साला विद्यापीठाला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय होता क्षारांच्या द्रावणातून वीज कशी वाहते हा. परीक्षकांना तो पटला नाही आणि त्यांनी त्याला अगदी खालची श्रेणी दिली. अऱ्हेनियसने प्रबंधाच्या प्रती युरोपातल्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांना धाडल्या. रीगाला शिकवणारा विल्हेल्म ऑस्टवाल्ड तो वाचून इतका प्रभावित झाला, की त्याच वर्षी स्वतः उप्सालाला जाऊन या तरुणाला भेटला. तिकडे ॲमस्टरडॅममध्ये याकोबस व्हान्ट हॉफ वेगळ्याच अडचणीत होता. द्रावणाच्या परासरण दाबाला वायूंचाच नियम लागू पडतो, हे त्याने दाखवलं होतं. साखरेच्या बाबतीत आकडे नेमके जुळायचे, पण मिठासारख्या क्षारांच्या बाबतीत दाब अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट यायचा. सूत्र वाचवायला त्याने एक गुणक घातला आणि त्याला ‘आय’ म्हटलं. हा ‘आय’ कुठून येतो, ते त्याला सांगता येत नव्हतं.

सांगितलं ते अऱ्हेनियसने, १८८७ साली. क्षार पाण्यात फुटतात. मिठाच्या एका एककाचे दोन आयन होतात, म्हणून ‘आय’ दोनच्या जवळ. कॅल्शियम क्लोराइडचे तीन होतात, म्हणून तीनच्या जवळ. साखर फुटत नाही, तिचा एक. त्याच वर्षी ऑस्टवाल्ड लायपझिगला गेला. त्याने आणि व्हान्ट हॉफने मिळून भौतिक रसायनशास्त्राचं नियतकालिक सुरू केलं आणि अऱ्हेनियसचा हा लेख त्याच्या पहिल्याच खंडात छापला. पुढच्या वर्षी ऑस्टवाल्डचा विरलीकरणाचा नियम आला. लायपझिगला ऑस्टवाल्डच्या हाताखाली काम करणाऱ्या वाल्थर नर्न्स्टने १८८९ साली विद्युतघटाचं समीकरण मांडलं. अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो, हे सांगणारं अऱ्हेनियसचं समीकरणही त्याच वर्षीचं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ साली व्हान्ट हॉफला मिळालं, १९०३ चं अऱ्हेनियसला, १९०९ चं ऑस्टवाल्डला आणि १९२० चं नर्न्स्टला. पुस्तकात ही चार नावं चार वेगळ्या प्रकरणांत विखुरलेली आहेत आणि वर्गात ती चार वेगळ्या महिन्यांत शिकवली जातात. मुलांना ही माणसं एकमेकांना ओळखत होती याचाही पत्ता नसतो.

आता हाच धागा धरून एक गणित करू. सोल्युशन्समध्ये विचारतात, की ०.१ मोलल द्रावणाचा गोठणबिंदू किती उतरेल? पाण्याचा स्थिरांक १.८६. ग्लुकोजसाठी उत्तर ०.१८६ अंश, मिठासाठी ०.३७२. मग पुढच्याच प्रकरणात ॲसिटिक आम्ल येतं. ते फुटतं, पण थोडंच. किती फुटतं ते ऑस्टवाल्डचा नियम सांगतो. विचरण स्थिरांक १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात आणि संहती ०.१ असेल, तर दोन्हींचा भागाकार करून वर्गमूळ काढलं की ०.०१३४ मिळतं. शंभरातले जेमतेम सव्वा रेणू फुटले. मग या आम्लाचा ‘आय’ किती? १.०१३४. हा शेवटचा प्रश्न विचारला की बरीच मुलं गोंधळतात, कारण ‘आय’ दुसऱ्या प्रकरणात आणि विचरणाची मात्रा तिसऱ्यात. गणित मात्र एकच आहे. एका रेणूचे दोन आयन होणार असतील, तर एकूण कण एक अधिक विचरणाची मात्रा एवढे.

कणांची ही मोजणी नवव्या प्रकरणात पुन्हा येते आणि तिथे ती कोणी ओळखत नाही. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनियाची काही संयुगं कित्येक दशकं माहीत होती, पण त्यांच्या रचनेचा उलगडा होत नव्हता. एकात सहा अमोनिया, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चार. क्लोरीन प्रत्येकात तीनच. सिल्व्हर नायट्रेट घातलं की पहिल्यातले तिन्ही क्लोराइड पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतात, दुसऱ्यातले दोनच, तिसऱ्यातला एकच. आल्फ्रेड वर्नरने १८९३ साली याचं उत्तर दिलं: काही क्लोरीन धातूला थेट जोडलेले असतात, ते आयन म्हणून सुटत नाहीत. नंतर त्याने या द्रावणांची विद्युतवाहकता मोजून कण किती ते दाखवलं. तिन्ही संयुगांचा ‘आय’ काढा बरं. चार, तीन, दोन. कोऑर्डिनेशन कंपाउंड्स हे प्रकरण आयसोमरांच्या आकृत्यांमुळे अवघड वाटतं. त्याचा पाया मात्र व्हान्ट हॉफच्या मोजणीचाच आहे.

दुसरा प्रश्न, अभिक्रिया थांबते कुठे, हा आणखी फळ देणारा. थर्मोडायनॅमिक्समध्ये मुक्त ऊर्जा आणि संतुलन स्थिरांकाचा संबंध शिकवतात, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत मुक्त ऊर्जा आणि घटाच्या विभवांतराचा. दोन सूत्रं दोन वह्यांत राहतात. ती शेजारी मांडली की कळतं, की विभवांतर मोजलं म्हणजे संतुलन कुठे आहे तेच मोजलं. जस्त आणि तांब्याच्या डॅनियल घटाचं प्रमाण विभवांतर १.१० व्होल्ट. दोन इलेक्ट्रॉन, एक फॅरडे म्हणजे ९६५०० कूलोम. तिघांचा गुणाकार २१२.३ किलोज्यूल, चिन्ह उणे. आणि संतुलन स्थिरांकाचा लॉग? १.१० ला २ ने गुणून ०.०५९२ ने भागलं की ३७.१६. म्हणजे स्थिरांक ३८ अंकी आहे. जस्त तांब्याच्या द्रावणात टाकलं तर तांब्याचे आयन शिल्लक राहतात की नाही, असा प्रश्न आला, तर या एका आकड्याने उत्तर संपतं.

या गणितातला ०.०५९२ मुलं देवाच्या नावासारखा पाठ करतात. तो कुठून आला ते एकदा कागदावर करून पाहावं. २.३०३ गुणिले ८.३१४ गुणिले २९८.१५, भागिले फॅरडे. तसंच कायनेटिक्समधला ०.६९३. २.३०३ ला ०.३०१० ने गुणा, तोच मिळतो. ०.३०१० म्हणजे दोनचा लॉग, आणि दोन अशासाठी की अर्धायुकाल म्हणजे पदार्थ निम्मा उरण्याचा काळ. पहिल्या कोटीची अभिक्रिया ९९.९ टक्के पुरी व्हायला सुमारे दहा अर्धायुकाल लागतात, हे पेपरात सिद्ध करायला सांगतात. हजाराचा लॉग तीन, दोनचा लॉग ०.३०१०, तीनला ०.३०१० ने भागा: ९.९७. एका ओळीत झालं.

म्हणूनच या पेपरात लॉग टेबलाला एवढं महत्त्व आहे. प्रश्नपत्रिकेच्या सूचनांतच म्हटलेलं असतं, की लॉग टेबलचा वापर आवश्यक आणि कॅलक्युलेटरला परवानगी नाही. स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरने १६१४ साली लॉगॅरिदमची कोष्टकं छापली, ती गुणाकार-भागाकारांनी बेजार झालेल्या हिशेबनिसांचे आणि खगोलशास्त्रज्ञांचे कष्ट वाचावेत म्हणून. चारशे वर्षांनंतर बारावीच्या मुलांना ती कष्ट वाढवणारी वाटतात, याला कारण सवय नसणं. वर्षभर घरी मोबाइलवर आकडेमोड करायची आणि फेब्रुवारीत ऐनवेळी टेबल उघडायचं, असं चालतं. मग रीत बरोबर, सूत्र बरोबर आणि उत्तर चूक.

चूक बहुतेक वेळा ‘बार’मध्ये होते. ०.०२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू काढायचा आहे. टेबल सांगतं ‘बार टू पॉइंट थ्री झिरो वन झिरो’. घाईत मुलगा ते उणे २.३०१० समजतो आणि सामू २.३० लिहून मोकळा होतो. बार फक्त दोनवर आहे. अपूर्णांक धनच असतो. उणे २ अधिक ०.३०१० म्हणजे उणे १.६९९०, म्हणून सामू १.७०. थोडं थांबून पाहिलं तरी संशय यायला हवा होता. ०.०१ मोलर आम्लाचा सामू २, मग त्याहून तीव्र द्रावणाचा २.३० कसा येईल? उलट दिशेलाही तोच खड्डा आहे. सामू २.८७ दिला आणि हायड्रोजन आयनांची संहती विचारली, तर उणे २.८७ चा अँटिलॉग टेबलात सापडत नाही. त्याचे उणे ३ अधिक ०.१३ असे दोन भाग पाडावे लागतात. ०.१३ चा अँटिलॉग १.३४९. उत्तर १.३५ गुणिले १० चा उणे ३ वा घात. वर ॲसिटिक आम्लाचं जे गणित केलं, त्याचीच ही दुसरी बाजू. सामूची ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने तयार केली. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती. हे परीक्षेत विचारत नाहीत, पण लक्षात राहतं.

एककांचा आणि चिन्हांचा उपद्रव वेगळाच. वायू स्थिरांक ज्यूलमध्ये ८.३१४, पण परासरण दाबाच्या गणितात लिटर आणि वातावरण वापरलं की तोच ०.०८२०६ होतो. प्रसरणाचं काम पुस्तक घन डेसिमीटर बारमध्ये काढतं, आणि एक घन डेसिमीटर बार म्हणजे १०० ज्यूल. एक बार बाह्य दाबाविरुद्ध वायू दोन घन डेसिमीटर फुगला, तर काम उणे २०० ज्यूल. तो ‘उणे’ विसरला तर गुण गेला. त्यातून भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ऊष्मागतिकीचा पहिला नियम लिहिताना उष्णतेतून काम वजा करतात आणि रसायनशास्त्रात मिळवतात. दोन्ही बरोबर आहेत, कारण एकाच्या लेखी काम म्हणजे वायूने केलेलं, दुसऱ्याच्या लेखी वायूवर केलेलं. एकाच महिन्यात दोन्ही पेपर देणाऱ्या मुलाला हे कोणी स्पष्ट सांगत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

प्रात्यक्षिकांचे ३० गुण ‘मिळूनच जातात’ असा सार्वत्रिक समज आहे. जर्नल पूर्ण असलं आणि क्षार ओळखता आला की झालं. पण आयॉनिक इक्विलिब्रियाचं सगळ्यात चांगलं शिक्षण तिथेच, परीक्षानळीत होतं. कॅटायनच्या तिसऱ्या गटाची कसोटी आठवा. आधी अमोनियम क्लोराइड घालायचं, मग अमोनियम हायड्रॉक्साइड. सगळी मुलं हे बिनचूक करतात. अमोनियम क्लोराइड आधी का, असं व्हायवात एक्स्टर्नलने विचारलं की मात्र शांतता पसरते. अमोनियम हायड्रॉक्साइड हा दुर्बल आम्लारी. अमोनियम क्लोराइडमधून भरपूर अमोनियम आयन आले, की समान आयन परिणामाने तो आणखी कमी फुटतो आणि द्रावणात हायड्रॉक्साइड अगदी थोडा उरतो. तेवढा थोडा हायड्रॉक्साइड लोहाला आणि ॲल्युमिनियमला पुरतो, कारण त्यांच्या हायड्रॉक्साइडांचे विद्राव्यता गुणाकार अतिशय लहान आहेत. फेरिक हायड्रॉक्साइडचा १० च्या उणे ३८ व्या घाताच्या आसपास. मॅग्नेशियमचा उणे ११ व्या घाताच्या आसपास, म्हणून त्याला तो पुरत नाही आणि ते द्रावणातच राहून शेवटच्या गटात सापडतं. दुसऱ्या गटात आम्ल घालून हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तीही हीच युक्ती. तिथे आम्ल सल्फाइडला आवर घालतं. कॅटायनांचे गट निसर्गाने पाडलेले नाहीत. माणसाने विद्राव्यता गुणाकारांच्या उतरंडीवर ते बेतले आहेत. एवढं कळलं, की गटांचा क्रम पाठ करावा लागत नाही.

अनुमापनातही तसंच. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या अनुमापनात वेगळा दर्शक नसतो, कारण परमँगनेटचा स्वतःचा गुलाबी रंगच शेवट सांगतो. द्रावण तापवतात, कारण अभिक्रिया सुरुवातीला मंद असते. सल्फ्युरिक आम्ल वापरतात, कारण हायड्रोक्लोरिक आम्लातल्या क्लोराइडचं परमँगनेट ऑक्सिडेशन करतं आणि ब्युरेटचं रीडिंग वाढतं. नायट्रिक चालत नाही, कारण ते स्वतःच ऑक्सिडीकारक. सीबीआर, म्हणजे सारखं येणारं ब्युरेट रीडिंग, जुळवण्याच्या नादात ही तीन कारणं राहून जातात आणि व्हायवाचे हातात आलेले गुण जातात.

ऑर्गॅनिकची गोष्ट वेगळी, असं म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते ती फारशी वेगळी नाही. हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्जमधल्या एसएन-१ आणि एसएन-२ या यंत्रणा कायनेटिक्सशिवाय कळूच शकत नाहीत. मिथिल ब्रोमाइडवर अल्कलीची क्रिया होताना वेग दोघांच्या संहतीवर अवलंबून असतो, म्हणजे मंद पायरीत दोघेही हजर. टर्शरी ब्युटिल ब्रोमाइडच्या बाबतीत वेगाला अल्कलीची पर्वा नसते, म्हणजे तो बिचारा आधी एकटाच फुटतो आणि हायड्रॉक्साइड नंतर येतो. यंत्रणेचं नाव वेगाच्या नियमावरून पडलं. कायनेटिक्स ऑप्शनला टाकणाऱ्या मुलाने इथे नकळत दुसरं प्रकरणही टाकलेलं असतं.

फिनॉलचंही तसंच. फिनॉल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतो, पण सोडियम बायकार्बोनेटमधून बुडबुडे काढत नाही. कार्बॉक्झिलिक आम्ल काढतं. इथे तिसऱ्या प्रकरणातले पीकेए शेजारी मांडावेत. ॲसिटिक आम्ल ४.७६, कार्बोनिक आम्ल सुमारे ६.४, फिनॉल सुमारे १०, इथेनॉल सुमारे १६. कार्बोनिक आम्लापेक्षा जो बलवान तो त्याला हुसकावतो, जो दुर्बल त्याला ते जमत नाही. चार आकड्यांत दोन प्रकरणांतल्या अर्ध्या डझन ‘कारणे द्या’ची उत्तरं आहेत.

नावांच्या अभिक्रिया मात्र पाठ कराव्याच लागतात, त्याला इलाज नाही. पण पाठ करण्यातही रीत असते. वर्णानुक्रमे किंवा पानांच्या क्रमाने न करता त्या कुठे थांबतात यावर कराव्यात. रोझेनमुंड, स्टीफन आणि इटार्ड या तीन अभिक्रिया अल्डिहाइड देतात आणि तिघींपुढे अडचणही एकच असते, की अल्डिहाइडपाशी थांबायचं कसं. रोझेनमुंडमध्ये बेरियम सल्फेटवरच्या पॅलेडियमची धार मुद्दाम बोथट केलेली असते, नाहीतर क्षपण अल्कोहोलपर्यंत धावलं असतं. इटार्डमध्ये क्रोमिल क्लोराइडचं संयुग मध्येच अडवतं, नाहीतर टोल्युइनचं थेट बेंझोइक आम्ल झालं असतं. अल्डॉल आणि कॅनिझारो या दोघांतला निवाडा तर एका हायड्रोजनवर होतो. अल्फा कार्बनवर हायड्रोजन असेल तर अल्डॉल, नसेल तर कॅनिझारो.

राहता राहिली इनऑर्गॅनिक, १६ ते १८ वे गट आणि संक्रमण मूलद्रव्यं. इथे अपवाद भरपूर आहेत आणि ते अपवाद म्हणूनच शिकावेत. क्रोमियम आणि तांब्याचा इलेक्ट्रॉन विन्यास, झिर्कोनियम आणि हाफनियमच्या जवळजवळ सारख्या त्रिज्या, हायड्रोफ्लोरिक आम्लाचं दुर्बल असणं. झिर्कोनियम-हाफनियमचं कारण लँथेनॉइड आकुंचन. या साम्यामुळेच हाफनियम झिर्कोनियमच्या खनिजांत १९२३ पर्यंत दडून राहिलं. झेनॉनची संयुगं होतात, हे नील बार्टलेटने १९६२ साली दाखवलं, तेही एका साध्या तुलनेवरून: ऑक्सिजनच्या रेणूची पहिली आयनीभवन ऊर्जा आणि झेनॉनची जवळजवळ सारखीच होती, आणि ऑक्सिजनचं तसं संयुग त्याने आधीच बनवलं होतं. ‘निष्क्रिय वायू’ हा शब्दच तेव्हा मोडीत निघाला. संपर्क पद्धतीतली ७२० केल्विन, २ बार आणि व्हॅनेडियम पेंटॉक्साइड ही माहिती रुक्ष वाटते, पण ली शाटेलिएचं तत्त्व लावलं की तीही ‘अभिक्रिया थांबते कुठे’ या प्रश्नाचंच उत्तर ठरते.

आता वाचन कसं करावं याबद्दल थोडं. मुलं नोट्स पुन्हा पुन्हा वाचतात, पिवळ्या मार्करने रंगवतात आणि येतंय असं समजतात. २००६ साली अमेरिकेत सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी यावर एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचून, कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. रसायनशास्त्राला हे विशेष लागू पडतं, कारण रचनासूत्रं डोळ्यांना लगेच ओळखीची वाटतात आणि हाताला मात्र काढता येत नाहीत. एक कोरा कागद घ्या, मधोमध ‘बेंझीन’ लिहा आणि तिथून जिथवर जाता येईल तिथवर बाण काढत जा. अडलात तिथे पुस्तक उघडा, त्याआधी नको.

मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावी विज्ञानाला आलेल्या मुलांना एक जास्तीचं ओझं असतं. विषय इंग्रजीतून, आणि ‘कारणे द्या’ची उत्तरंही इंग्रजीतून. ती मुलं बहुतेक वेळा उत्तरं शब्दशः पाठ करतात आणि एक शब्द निसटला की वाक्य कोसळतं. त्यांनी कारण आधी स्वतःच्या भाषेत, तोंडाने, घरी कोणालाही समजावून सांगावं. ते पक्कं झालं की इंग्रजीत दोन तुटक ओळी पुरतात. परीक्षकाला मुद्दा हवा असतो, आणि समीकरण तर सगळ्या भाषांत सारखंच.

पेपर लिहिताना विकल्पांचा उपयोग करायचा तो तिथल्या तिथे, प्रश्न वाचून. डिसेंबरातच प्रकरण ठरवून नव्हे. गणितांत सूत्र, किंमती घातलेली ओळ, लॉगची आकडेमोड आणि एकक या चार गोष्टी वेगवेगळ्या दिसू द्या. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. आकडेमोड उजवीकडच्या कोपऱ्यात पेन्सिलने करून खोडू नका. ती उत्तराचाच भाग आहे. लॉग घेतलात तर बार स्पष्ट काढा. आणि पहिल्या प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहा. तिथे एकाच प्रश्नाचं उत्तर दोनदा लिहिलंत, तर पहिलं लिहिलेलंच तपासलं जातं.